जत्रा आणि गर्दीचे गणित

होळी पेटली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावांना जत्रांचे वेध लागतात. रंगपंचमीला वाई तालुक्यात बावधनचे बगाड निघते. चैत्रात माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरला कावडी येतात; सासवडहून आलेली तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटाची अवघड चढण माणसांची साखळी करून चढवली जाते. ज्योतिबाच्या डोंगरावर न्यावयाच्या सासनकाठ्या गावोगावी सजू लागतात. आटपाडी तालुक्यात खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्री यात्रा भरते. याशिवाय जवळजवळ प्रत्येक गावाची स्वतःची लहानमोठी जत्रा असतेच. रब्बीची सुगी आटोपलेली असते, परीक्षा संपत आलेल्या असतात आणि पाहुणे वाढले तरी अंगणात झोपता येईल अशी हवा असते. जत्रांचा हंगाम या दिवसांत यावा यात नवल नाही.

२०२० साली या क्रमात खंड पडला. त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. तो चैत्र आणि त्यानंतरचा २०२१ चा चैत्र यात्रांविना गेला. अनेक ठिकाणी मोजक्या मानकऱ्यांनी विधी पार पाडले आणि देवळांची दारे पुन्हा बंद झाली. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातील निर्बंध उठले. दुसऱ्याच दिवशी पाडवा होता.

आता जत्रा पूर्वीसारख्या भरतात. मग हा विषय पुन्हा कशासाठी काढावयाचा? याचे कारण असे की पुढची साथ केव्हा येईल आणि ती कोणत्या जंतूची असेल हे कोणालाच सांगता येत नाही. ती कधीतरी येईल असे मात्र धरून चालावे लागते. त्या वेळी प्रत्येक गावापुढे तोच प्रश्न उभा राहील : जत्रा भरवावी की नाही? मागच्या खेपेस या प्रश्नाची दोनच उत्तरे ऐकू आली. एक, सारे काही बंद. दुसरे, आमची जत्रा आजवर चुकलेली नाही. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ उत्तरे असतात आणि ती शोधण्यासाठी शाळेतले गणित आणि थोडे विज्ञान पुरते, असे आमचे म्हणणे आहे. मात्र ते साथ नसताना, शांत डोक्याने शिकून ठेवावे लागते.

जत्रेने जोडलेली माणसे

प्रथम जत्रा म्हणजे काय ते नीट पाहू. साताऱ्याच्या डोंगराळ भागातील कितीतरी घरांतील एक तरी माणूस मुंबईस असतो. कोणी पूर्वी गिरणीत होता, कोणी माथाडी आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरली आहेत. ही माणसे एरवी वर्षभर विखुरलेली असतात. जत्रेच्या दोन-तीन दिवसांत ती एकाच जागी येतात.

गणिताच्या भाषेत ही एक जाळी आहे. माणसे म्हणजे बिंदू आणि त्यांच्या भेटीगाठी म्हणजे धागे. बहुतेक धागे आखूड असतात : शेजारी, भाऊबंद, बाजारचा गाव. काही थोडे धागे मात्र फार लांब असतात. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ या दोन गणितज्ञांनी १९९८ साली दाखवून दिले की अशा जाळीत मोजके लांब धागे असले तरी कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर एकदम कमी होते. जत्रेत असे सगळे लांब धागे एका वेळी, एका गाठीत येतात.

या धाग्यांवरून काय काय प्रवास करते? वर्गणी येते, नोकरीची बातमी येते, सोयरीक जमते, शाळेच्या खोलीसाठी पत्रे मिळतात. रोगजंतूही याच धाग्यांवरून येतो. एक वाट उघडी आणि दुसरी बंद असे करता येत नाही, ही खरी अडचण आहे.

जत्रेवर पोट असणारी माणसेही आहेत. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे जाऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. सांगली जिल्ह्यातील कवलापूरने काळू-बाळूंसारखे कलावंत दिले. त्या परंपरेतील फडांचा मुख्य हंगाम हाच असतो. पाळणेवाले, हलवाई, कासार, कुस्तीचे मल्ल, खिलार जनावरांचे व्यापारी यांचेही तसेच. त्यांच्या दृष्टीने दोन चैत्र गेले म्हणजे दोन वर्षांची कमाई गेली. बंदी फुकट मिळत नाही. तिची किंमत कोणीतरी मोजत असतो. म्हणून हिशेब मांडताना दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

गर्दीत एक तरी बाधित असेल काय?

आता गणिताकडे वळू. समजा, एखाद्या भागात दर हजार माणसांत एक जण बाधित आहे. त्या भागातील ५० माणसे एकत्र आली, तर त्यांच्यात निदान एक बाधित असण्याची शक्यता किती?

हा प्रश्न उलट बाजूने सोडवणे सोपे जाते. एक माणूस बाधित नसण्याची शक्यता ०.९९९. पन्नासांपैकी एकही बाधित नसण्याची शक्यता म्हणजे ०.९९९ या संख्येचा पन्नासावा घात, तो येतो सुमारे ०.९५. ही १ मधून वजा केली की उरते ०.०५, म्हणजे पाच टक्के. माणसे ५०० असतील तर हीच शक्यता ३९ टक्के होते. ५,००० असतील तर ९९ टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे घरच्या पन्नास माणसांच्या बारशात वीसांपैकी एकोणीस वेळा कोणीही बाधित नसेल. पाच हजारांच्या जत्रेत मात्र बाधित माणूस आला आहे असेच धरावे.

आता बाधितांचे प्रमाण दहापटीने वाढले, म्हणजे शंभरात एक झाले असे समजा. मग ३९ टक्क्यांची पातळी पन्नास माणसांतच गाठली जाते. प्रमाण दहापटीने घटले, दहा हजारांत एक झाले, तर तीच पातळी गाठण्यासाठी पाच हजार माणसे लागतात. येथे महत्त्वाचा आकडा आहे तो गुणाकाराचा : बाधितांचे प्रमाण गुणिले माणसांची संख्या. हा गुणाकार ०.०५ असेल तर शक्यता पाच टक्के, ०.५ असेल तर सुमारे चाळीस टक्के, ५ असेल तर जवळजवळ शंभर टक्के. ‘किती माणसे चालतील?’ या प्रश्नाला म्हणूनच कायमचे एकच उत्तर नसते. ते त्या आठवड्यात, त्या भागात रोग किती आहे यावर अवलंबून असते.

हे वर्गात करून पाहता येते. एक हजार हरभरे मोजून घ्या. त्यांतल्या दहांवर शाईचा ठिपका द्या. सगळे एका पातेल्यात नीट मिसळा आणि न बघता पन्नास काढा. त्यांत ठिपक्याचा हरभरा आहे काय ते पाहा. हरभरे परत टाकून, हलवून, पुन्हा काढा. चाळीस मुलांनी एकेकदा केले तर सुमारे सोळा जणांच्या वाट्याला ठिपका येईल. कधी बारा येतील, कधी वीस. संभाव्यता म्हणजे काय आणि एका अनुभवावरून निष्कर्ष का काढू नये, या दोन्ही गोष्टी एका तासात कळतात.

या गणितात एक गृहीत दडलेले आहे : बाधित माणूसही इतरांइतकाच जत्रेला येतो. प्रत्यक्षात अंगात ताप असलेला माणूस घरी राहिला तर गुणाकार लगेच कमी होतो. निम्मे बाधित घरी राहिले तर तो निम्मा होतो. ‘बरे नसेल तर येऊ नका, मान पुढच्या वर्षी मिळेल’ एवढे जरी यात्रा कमिटीने मनापासून सांगितले तरी त्याला संख्येत मोजता येईल असे मोल आहे.

बावधन, २०२१

हे गणित एका खऱ्या दिवसाला लावून पाहू. २ एप्रिल २०२१ रोजी रंगपंचमी होती. प्रशासनाने बावधनच्या बगाडाला मनाई केली होती. तरीही पहाटे बगाड निघाले, लोक जमले आणि पुढे पोलिसांनी गुन्हे दाखल केले. परंपरा मोडू नये ही भावना तेथे किती खोल आहे याची कल्पना त्यावरून येते. तिला हसण्याचे कारण नाही.

त्या दिवसांत राज्यात रोज चाळीस हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते. एक बाधित सुमारे दहा दिवस रोग पसरवू शकतो असे धरले, तर कोणत्याही दिवशी निदान चार लाख बाधित होते. राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास धरली, तर प्रमाण येते सुमारे तीनशेत एक. हे राज्याचे सरासरी प्रमाण घेऊन एक हजार माणसांच्या जमावाचा हिशेब केला, तर त्यांत निदान एक बाधित असण्याची शक्यता ९६ टक्के येते.

यावर कोणी म्हणेल, नोंद झालेले रुग्ण तर घरात किंवा दवाखान्यात होते. खरे आहे. पण नोंद न झालेले किती होते? याचे उत्तर रक्ततपासणीच्या सर्वेक्षणांतून मिळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातील ७० जिल्हे निवडून, प्रत्येक जिल्ह्यात दहा गावे किंवा वॉर्ड घेऊन आणि सुमारे चारशे माणसांचे रक्त तपासून लागण किती झाली याचा अंदाज घेतला. महाराष्ट्रातील सहा जिल्हे त्यात होते आणि सांगली त्यांतला एक. डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मधील तिसऱ्या फेरीत देशात पाच जणांपैकी एकाहून थोड्या अधिक माणसांच्या रक्तात लागण होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. म्हणजे वीस कोटींहून अधिक माणसे. त्या वेळेपर्यंत नोंदलेले रुग्ण होते एक कोटी चार लाखांच्या घरात. नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे वीसहून अधिक माणसे नोंदीबाहेर राहिली होती. तेव्हा आपला तीनशेत एक हा अंदाज खरे तर कमीच धरलेला आहे.

मग बगाडामुळे लागण वाढली काय? हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने मुद्दाम वर्गात विचारावा असा आहे. त्या महिन्यात लाट सगळीकडेच चढत होती. त्यामुळे एखाद्या गावात यात्रेनंतर रुग्ण वाढले, एवढ्यावरून ते यात्रेमुळे वाढले असे म्हणता येत नाही. तेवढ्याच वस्तीच्या, यात्रा न भरलेल्या शेजारच्या काही गावांशी तुलना करावी लागते. याच न्यायाने, ‘आमच्याकडे यात्रा झाली आणि काही झाले नाही’ यावरून धोका नव्हता असेही सिद्ध होत नाही. हरभऱ्यांच्या खेळात ठिपका न लागलेली मुलेही असतातच.

बाधित आला, पुढे काय?

गर्दीत बाधित असणे आणि त्याच्यापासून इतरांना लागण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट मुख्यतः हवेवर ठरते.

श्वासातून, बोलण्यातून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात. मोठ्याने बोलताना, गाताना, ‘चांगभलं’चा गजर करताना ते शांत श्वासापेक्षा कित्येक पटींनी अधिक बाहेर पडतात. हे थेंब दिसत नाहीत, पण त्यांच्याबरोबर बाहेर पडणारा कार्बन डायॉक्साइड मोजता येतो. उच्छ्वासाच्या दर दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे चाळीस हजार भाग असते, तर मोकळ्या हवेत सुमारे ४२५ भाग. एखाद्या बंद खोलीत हे प्रमाण २,००० झाले असेल तर १,५७५ भागांची वाढ लोकांच्या उच्छ्वासातून झालेली असते. त्याला चाळीस हजारांनी भागले की सुमारे चार टक्के येतात. म्हणजे त्या खोलीतला आपला प्रत्येक पंचविसावा श्वास दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन सोडलेला असतो! खिडक्या उघडून प्रमाण ८०० वर आणले तर शंभरातला एक श्वास तसा उरतो.

उघड्या मैदानात ही भानगडच नाही. सेकंदाला एक मीटर म्हणजे चालण्याहूनही संथ झुळूक असली तरी दहा मीटर रुंद जागेवरची हवा दहा सेकंदांत बदलते. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत तेवढ्यासाठी तास-दोन तास लागू शकतात.

कोविडच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. सगळे बाधित सारखेच रोग पसरवीत नाहीत. ढोबळमानाने दहा ते वीस टक्के बाधितांकडून ऐंशी टक्के लागण होते आणि बाकीच्यांपैकी बहुतेक जण कोणालाच रोग देत नाहीत. हे थोडे बाधित जगावेगळे असतात असे नाही. ज्या दिवसांत त्यांच्याकडून विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो, नेमके त्या दिवसांत ते बंद जागी, पुष्कळ माणसांत, पुष्कळ वेळ असतात. मार्च २०२० च्या अखेरीस इस्लामपुरात हेच दिसले. परदेशातून परतलेल्या चौघांना लागण झाल्याचे आढळले आणि थोड्याच दिवसांत आकडा वीसच्या पुढे गेला. त्यांतले बहुतेक नात्यातले आणि निकट सहवासातले होते. संपर्कातली माणसे शोधून वेगळी ठेवली तेव्हा ती साखळी तुटली. रोग तेथे रस्त्यावरून पसरला नव्हता; घरांतून पसरला होता.

जत्रेचे तुकडे पाडून पाहा

या माहितीवरून जत्रेकडे पाहिले तर ती एक गोष्ट राहत नाही. तिचे भाग पडतात आणि प्रत्येकाचा धोका निराळा असतो.

देवाचा विधी : माणसे थोडी, बहुधा उघड्यावर. गाभाऱ्यातले दर्शन : जागा कोंदट, पण वेळ थोडा, रांग मात्र लांबट आणि चिकटलेली. पालखी आणि छबिना : गर्दी खूप, हवा मोकळी, आवाज मोठा. जनावरांचा बाजार : माणसे विखुरलेली, मैदान उघडे. कुस्त्यांचा फड : उघडा, पण प्रेक्षक दाटीने आणि तासन्‌तास. तमाशाचा तंबू : कनाती बांधल्या असतील तर बंद खोलीच. पंगत : जवळ बसून, तोंड उघडे ठेवून, बोलत. जत्रेला नेणारी वडाप जीप : काचा लावून दहा-पंधरा माणसे तासभर. आणि शेवटी घर : पाहुणे दोन रात्री एका खोलीत.

ही यादी पाहिली तर असे लक्षात येते की डोळ्यांना सर्वांत भयंकर दिसणारी पालखीची गर्दी सर्वांत धोक्याची असेलच असे नाही. जीप आणि रात्रीचा मुक्काम अधिक धोक्याचे ठरू शकतात, आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. बाजार बंद ठेवला आणि पाहुणे घराघरांत कोंडले, तर बंदी पाळूनही लागण वाढू शकते. उलट विधी उघड्यावर, बाजार चालू, कनाती काढलेल्या, पंगतीऐवजी शिदोरी घरोघर, आणि परगावच्या मंडळींनी त्या वर्षी न येता वर्गणी पाठवली, असेही करता येते. एकाच नळाने सगळे पाणी तोडण्याऐवजी प्रत्येक तोटी वेगळी फिरवता येते.

गर्दीचे नियोजन आपल्या भागाला अपरिचित नाही. ते फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे माणसे मृत्युमुखी पडली. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे दाटली की कोणाचेही शरीर त्याच्या ताब्यात राहत नाही; धक्का लाटेसारखा पुढे सरकतो. यावरचे उपाय म्हणजे जाण्यायेण्याच्या वेगळ्या वाटा, वेळा वाटून देणे, वाटेवर दुकाने नसणे. हेच उपाय माणसामाणसांतले अंतर वाढवतात आणि रांगेतला वेळ कमी करतात. म्हणजे साथीतही ते उपयोगी पडतात.

उशिरा दिसणारा परिणाम

जत्रेचा परिणाम जत्रेच्या दिवशी दिसत नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. त्यातून दुसऱ्यांना लागण होते. गंभीर आजार आणखी आठवड्याने उमटतो. म्हणून दवाखान्याच्या खाटा दोन ते चार आठवड्यांनी भरू लागतात. तोवर पाहुणे परत गेलेले असतात आणि त्यांची नोंद मुंबईत किंवा दुसऱ्या एखाद्या राज्यात होते. आपल्या जत्रेने काय केले हे गावाला कधी कळतच नाही.

एक बाधित सरासरी किती जणांना रोग देतो, या आकड्याला ‘आर’ म्हणतात. तो १.५ असेल आणि एका पिढीला पाच दिवस लागत असतील, तर तीस दिवसांत सहा पिढ्या होतात. १.५ चा सहावा घात ११.४. शंभर बाधितांच्या सहाव्या पिढीत अकराशेहून अधिक बाधित असतील. ‘आर’ ०.८ असेल तर तेच शंभर २६ वर येतात. म्हणून साथ आटोक्यात आणण्यासाठी सगळ्या भेटी शून्यावर आणाव्या लागत नाहीत. ‘आर’ एकाच्या खाली ठेवला की पुरते. कोणत्या भेटी टाळावयाच्या हे निवडण्यास वाव असतो तो येथेच.

ही निवड प्रत्येक भागात सारखी असू शकत नाही. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीस राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत निर्बंध सैल झाले तेव्हा ११ जिल्हे त्यातून वगळावे लागले. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही त्यांत होते, कारण येथील लाट उशिरा उतरत होती. मुंबईतले आकडे पाहून साताऱ्यातल्या जत्रेचा निर्णय घेता येत नाही.

मग २०२२ साली जत्रा पुन्हा भरवता आल्या त्या कशाच्या बळावर? ‘आर’ तीन असेल तर तीनपैकी दोघांना प्रतिकारशक्ती मिळाल्यावर एक बाधित सरासरी एकालाच रोग देऊ शकतो. हा मूळ सिद्धान्त. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या सर्वेक्षणात सुमारे ६८ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. तरीही विषाणू बदलत गेल्यामुळे लागण थांबली नाही. २०२२ च्या जानेवारीत ती पुन्हा उसळली. बदलले ते आजाराचे गांभीर्य. लस घेतलेल्या किंवा रोग होऊन गेलेल्या शरीराला शत्रूची ओळख पटलेली होती. या काळात ज्यांनी जत्रा थांबवल्या त्यांनी हा वेळ मिळवून दिला. लस येईपर्यंत काढलेला प्रत्येक महिना म्हणजे वाचलेले जीव होते.

रोग बदलला की गणित बदलते

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वर केलेला विचार हवेतून पसरणाऱ्या रोगाचा आहे. पटकी पाण्यातून पसरते. एकोणिसाव्या शतकात यात्रांमधून पटकी पसरत असे, आणि १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भारतातील यात्रांची चर्चा झाली. तेथे उघड्या मैदानाचा उपयोग नाही. विहीर आणि पंगत सांभाळावी लागते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आल्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडची गावे घरे सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जात. उंदरांपासून दूर जाण्याचा तो योग्य मार्ग होता. त्याच साथीसाठी १८९७ साली केलेला साथरोग कायदा १३ मार्च २०२० पासून महाराष्ट्रात लागू करण्यात आला. कायदा तोच राहिला तरी रोग कसा पसरतो हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते.

शाळेने काय करावे?

गावात आकडे लिहून ठेवणारी संस्था कोणती, असे विचारले तर प्रथम शाळा आठवते. हजेरीपट हे साथीचे उत्तम मोजमाप आहे. एरवी रोज किती मुले गैरहजर असतात याची सरासरी काढून ठेवली, तर एखाद्या आठवड्यात ती दुप्पट झाल्याचे लगेच दिसते. हे काम सातवी-आठवीची मुलेही करू शकतात. आलेख भिंतीवर लावावा. वाढ दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

दुसरे काम ग्रामसभेचे. यात्रा कमिटी, आरोग्यसेविका, तमाशाची सुपारी ठरवणारे पुढारी आणि मुंबईकर मंडळाचे प्रतिनिधी यांनी एकदा बसून आपल्या जत्रेची वरच्यासारखी यादी करावी. रोगाचे प्रमाण कोणत्या पायरीवर गेले की कोणता भाग थांबवावयाचा, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने लिहून ठेवावे. जत्रा थांबली तर फडाला आणि पाळणेवाल्याला काय द्यावयाचे, तेही लिहावे. दर वर्षीच्या वर्गणीतून थोडा भाग त्यासाठी बाजूला पडू शकतो. आयत्या वेळी वरून आलेला हुकूम मोडावासा वाटतो. आपणच आधी लिहून ठेवलेला नियम पाळणे त्या मानाने सोपे असते, कारण त्यामागचे कारण प्रत्येकाला ठाऊक असते.

या चैत्रात जत्रेला जाल तेव्हा मुलांना एक काम द्या. कोणती जागा बंद होती, कोणती उघडी. कोठे किती माणसे किती वेळ होती. गावात आलेले पाहुणे कोठकोठून आले होते, याची नोंद करून आणावयास सांगा. एवढी माहिती वहीत असेल तर पुढच्या अवघड वर्षी निर्णयाची निम्मी तयारी झालेली असेल.